केसपेपर आधी की श्वास आधी?

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांत महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक होता. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक जीव जातात, ते वेगळेच. या आकड्यांची चर्चा निघाली की ती साहजिकच खड्डे, वेग, मद्यपान, शिरस्त्राण आणि वाहनपरवाने यांच्याभोवती फिरते. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु अपघात घडून गेला आहे, माणूस अजून जिवंत आहे आणि कोणीतरी त्याला इस्पितळाच्या दाराशी आणले आहे, अशा वेळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काय केले जाते आणि कोणत्या क्रमाने केले जाते, याविषयी मात्र सार्वजनिक व्यासपीठावर सहसा कोणी बोलत नाही. तो डॉक्टरांचा खाजगी विषय आहे, अशी समजूत आहे. ही समजूत अनेकांच्या जिवावर बेतलेली आहे.

अपघाती मृत्यू नेहमी तत्क्षणी येतो असे नाही. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. डोनाल्ड ट्रन्की यांनी १९८३ मध्ये अशा मृत्यूंची काळाच्या अंगाने मांडणी केली, तेव्हा त्यांना तीन उंचवटे दिसले. पहिल्या उंचवट्यातील माणसे काही सेकंदांत वा मिनिटांत जातात. मेंदू, हृदय किंवा महारोहिणी फाटलेली असते आणि तेथे वैद्यकशास्त्र हतबल असते. अपघातच होऊ न देणे हा तेथे एकमेव उपाय. तिसऱ्या उंचवट्यातील मृत्यू काही दिवसांनी वा आठवड्यांनी, जंतुसंसर्गाने किंवा एकेक अवयव निकामी होऊन येतात. या दोहोंच्या मध्ये जे मृत्यू येतात ते काही तासांत येतात. पोटात वा छातीत वाहणारे रक्त, फुप्फुसाबाहेर कोंडलेली हवा, कवटीत साचणारी गुठळी ही त्यांची कारणे. पुढील अभ्यासांत या उंचवट्यांची उंची देशोदेशी आणि काळानुसार निरनिराळी आढळली. तथापि मधल्या गटातील बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, याविषयी दुमत नाही.

याच काळाला बाल्टिमोरचे डॉ. आर. अॅडम्स कौली यांनी ‘सुवर्णतास’ हे नाव दिले आणि भारतीय मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने त्याची एक तासाची व्याख्या आली. अर्थात बरोबर साठ मिनिटांच्या रेषेला शास्त्रीय पुराव्याचा फारसा आधार नाही. श्वासनलिका रक्ताने भरलेल्या माणसाचा सुवर्णतास चार मिनिटांतच संपतो. प्लीहेतून संथपणे रक्त झिरपणाऱ्याचा तो काही तास चालू शकतो. नेमके कोणत्या माणसाकडे किती वेळ उरला आहे, हे ओळखणे हीच खरी विद्या होय.

निदानाआधी उपचार

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्गापासून जो क्रम शिकविला जातो, तो शांतपणाचा क्रम आहे. आधी रुग्णाची हकिगत ऐकावी, मग त्याला नखशिखान्त तपासावे, मग तपासण्या कराव्यात, मग निदान करावे आणि शेवटी उपचार. मधुमेहाच्या वा क्षयाच्या रुग्णासाठी हा क्रम योग्यच आहे. अपघाताच्या रुग्णासाठी तो घातक ठरू शकतो, कारण हकिगत सांगण्याच्या स्थितीत तो नसतो आणि निदान होईपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. येथे क्रम उलटा करावा लागतो. जे सर्वांत आधी मारील ते सर्वांत आधी शोधावयाचे, आणि सापडताच, पुढे न जाता, तेथेच दुरुस्त करावयाचे. ही कल्पना आज अगदी साधी वाटते. परंतु ती वैद्यकाच्या व्यवहारात येण्यासाठी एका कुटुंबाला फार मोठी किंमत द्यावी लागली.

डॉ. जेम्स स्टायनर हे अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते स्वतः चालवीत असलेले छोटे विमान नेब्रास्का राज्यातील एका शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. जखमी स्टायनर यांनी अंधारात मुलांना एकत्र केले, रस्त्यावरची एक मोटार थांबविली आणि ते जवळच्या गावच्या इस्पितळात पोहोचले. तेथील माणसे दुष्ट नव्हती, पण अशा प्रसंगी आधी काय आणि नंतर काय, हे त्यांना कोणी शिकविलेलेच नव्हते. शेतात हाताशी काही नसताना आपण मुलांची जी काळजी घेतली, ती या इस्पितळातल्यापेक्षा बरी होती, हा विचार स्टायनर यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी दोष माणसांना दिला नाही, पद्धतीला दिला. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खेड्यापाड्यांतील डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम बांधला. १९७८ मध्ये तो नेब्रास्कात प्रथम शिकविला गेला, १९८० मध्ये अमेरिकेच्या शल्यविशारदांच्या महाविद्यालयाने तो स्वीकारला, आणि आज ऐंशीहून अधिक देशांत, भारतातही, तो शिकविला जातो. मोठ्या शहरांतील तज्ज्ञांसाठी नव्हे, तर आडगावी एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरासाठी तो जन्माला आला, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाच अक्षरांची शिस्त

या पद्धतीचा गाभा इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या पाच अक्षरांत बांधलेला आहे: ए, बी, सी, डी, ई. ‘ए’ म्हणजे श्वसनमार्ग. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ सैल होऊन मागे पडते. तोंडात रक्त, ओकारी, तुटलेले दात असतात. हवा आत जाण्याची वाट बंद झाली तर काही मिनिटांत मेंदू मरतो. म्हणून पहिला प्रश्न जखमीलाच विचारावयाचा: “नाव काय तुमचे?” त्याने स्पष्ट स्वरात नाव सांगितले तर एका वाक्यात पुष्कळ माहिती मिळते. वाट मोकळी आहे, छातीत हवा खेळते आहे, मेंदूला रक्त पोहोचते आहे. उत्तर आले नाही, किंवा घरघर ऐकू आली, तर तोंड साफ करावयाचे आणि दोन्ही हातांनी खालचा जबडा पुढे उचलावयाचा. मान मात्र मागे झुकवावयाची नाही, कारण मानेचा मणका मोडलेला असेल तर एका झटक्याने माणूस जन्माचा लुळा होऊ शकतो. या क्रियेला हातांखेरीज काही लागत नाही.

‘बी’ म्हणजे श्वसन. वाट मोकळी असूनही हवा फुप्फुसांत पोहोचत नसेल तर उपयोग नाही. येथे एक असा प्रकार आहे की ज्यात डॉक्टराची कसोटी लागते. मोडलेल्या फासळीने फुप्फुसाला भोक पडते. प्रत्येक श्वासागणिक हवा छातीच्या पोकळीत निसटते, पण तेथून बाहेर पडू शकत नाही. कोंडलेल्या हवेचा दाब वाढत जातो, फुप्फुस चिरडले जाते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि धडधाकट माणूस बघता बघता दगावतो. त्यावर उपाय आहे तो छातीत सुई घालून हवेला वाट करून देणे आणि मागोमाग नळी बसविणे. परंतु क्ष-किरण चित्राची वाट पाहिली तर ते चित्र बहुधा मृताचेच निघते. हे निदान डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी करावयाचे असते.

‘सी’ म्हणजे रक्ताभिसरण, आणि येथेच सर्वांत मोठी फसगत होते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी बाहेरून फारसे कळत नाही. दीड लिटर जाईपर्यंत नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, चेहरा फिका होतो, माणूस बेचैन होतो. परंतु रक्तदाब बहुधा जागच्या जागीच राहतो. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळून धरते. तीस टक्क्यांच्या आसपास रक्त गेल्यावर हा बांध फुटतो आणि दाब कोसळतो. तेव्हा ‘बी.पी. नॉर्मल आहे, काळजीचे कारण नाही’ हे वाक्य अपघात विभागातील सर्वांत धोक्याचे वाक्य होय. वाहिलेले रक्त शोधण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: अंगाबाहेर, म्हणजे जमिनीवर, कपड्यांत आणि चादरीवर; आणि आत छातीत, पोटात, कटिराच्या पोकळीत आणि मांडीत. मांडीच्या एका मोडलेल्या हाडाभोवती दीड लिटरपर्यंत रक्त साचू शकते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. कटिराचे हाड फुटले असेल तर खुब्यांच्या पातळीवर साधी चादर घट्ट बांधल्याने रक्तस्राव आटोक्यात येण्यास मदत होते. पोटातले रक्त सोनोग्राफीने खाटेवरच दिसू शकते.

‘डी’ म्हणजे मेंदूची स्थिती. ग्लासगो येथील ग्रॅहम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट या दोन मज्जाशल्यविशारदांनी १९७४ मध्ये शुद्धीचे मोजमाप करणारी जी श्रेणी दिली, ती आज जगभर वापरली जाते. डोळे उघडण्यास चार गुण, बोलण्यास पाच, हालचालीस सहा, एकूण पंधरा. किमान गुण तीन. आठ वा त्याहून कमी गुण असलेला माणूस स्वतःचा श्वसनमार्ग राखू शकत नाही, तो त्याच्यासाठी दुसऱ्याने राखावा लागतो. या श्रेणीचे खरे मोल एका आकड्यात नाही, आकड्यांच्या मालिकेत आहे. दहा वाजता चौदा गुण, साडेदहाला बारा, अकराला नऊ अशी नोंद कागदावर असेल तर कवटीत काहीतरी वाढत आहे हे कोणीही सांगेल. ‘पेशंट गुंगीत आहे’ एवढीच नोंद तीनदा केलेली असेल तर त्यातून कोणालाच काही समजत नाही.

‘ई’ म्हणजे अंग पूर्ण उघडे करून, पाठही वळवून, पाहणे आणि पाहून होताच ते झाकणे. दुसरा भाग बहुधा विसरला जातो. उष्ण देशात कोणाला थंडी वाजेल, असे वाटते. परंतु रक्त गेलेले, ओले, उघडे शरीर आपल्याकडेही गार पडते, आणि गार पडलेले रक्त गोठण्याचे आपले काम विसरते. अंग थंड होणे, रक्त आम्लधर्मी होणे आणि ते न गोठणे हे तीन शत्रू एकमेकांना बळ देतात. एक साधी कोरडी घोंगडी त्या साखळीचा एक दुवा तोडू शकते.

अलीकडच्या काळात, विशेषतः इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवानंतर, या पाचांच्याही आधी एक पायरी आली आहे. हातापायातून रक्ताची धार उडत असेल तर श्वसनमार्गाकडे वळण्यापूर्वी ती थांबवावयाची: जोराने दाबून, नाहीच थांबली तर वरच्या बाजूस आवळपट्टी बांधून आणि बांधल्याची वेळ लिहून. मुंबईच्या रेल्वेरुळांवर पाय तुटलेल्या माणसाच्या बाबतीत या पायरीचे महत्त्व कोणाला सांगावयास नको.

क्रम पाठ करणे सोपे आहे. गर्दीत आणि आरडाओरड्यात तो पाळणे अवघड. एकाच मोटारीतील चार जखमी एकदम आले म्हणजे जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु ओरडणाऱ्याचा श्वसनमार्ग मोकळा आहे हे त्याच्या ओरडण्यानेच सिद्ध झालेले असते. कोपऱ्यात निमूट पडलेला, राखेसारख्या चेहऱ्याचा माणूस आधी पाहावयास हवा. तसेच हातपाय झाडणाऱ्या, अद्वातद्वा बोलणाऱ्या जखमीला ‘दारू प्यायला आहे’ म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती असते. कदाचित तो प्यायलेलाही असेल. पण प्राणवायूचा तुटवडा, रक्तस्राव आणि डोक्याचा मार हे तिन्ही माणसाला असेच वागावयास लावतात. ती कारणे नाहीत असे ठरल्याखेरीज दारूला दोष देण्याचा अधिकार कोणास नाही.

बाटलीवरची श्रद्धा

आपल्याकडे सलाईनच्या बाटलीवर लोकांची अपार श्रद्धा आहे. ‘दोन बाटल्या लावल्या’ म्हणजे उपचार झाले, अशी ती भावना. डॉक्टरांच्याही एका पिढीला रक्तस्राव झालेल्या माणसास भरपूर सलाईन द्यावे असेच शिकविले गेले होते. आता हे मत बदलले आहे. सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, रक्त गोठवीत नाही. उलट उरलेले रक्त पातळ करते आणि दाब एकदम वाढवून नुकतीच बसलेली गुठळी उडवून लावते. म्हणून आरंभी प्रौढास एखादा लिटर, तोही कोमट, आणि नंतर रक्तच, हा आजचा नियम आहे. साहजिकच प्रश्न येतो तो रक्ताच्या उपलब्धतेचा. ज्या रुग्णालयात रक्त नाही तेथे बाटल्या लावीत बसण्यात अर्थ नसतो.

मात्र एक औषध असे आहे की जे लहान रुग्णालयातही ठेवता येते. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याच्या कामातून १९६० च्या दशकात पुढे आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४० देशांतील २७४ रुग्णालयांतील २०,२११ जखमींचा समावेश होता आणि त्यांत भारतीय रुग्णही होते. या औषधाने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात दिल्यास लाभ सर्वाधिक. तीन तासांनंतर दिल्यास लाभ तर नाहीच, उलट अपाय संभवतो. औषध स्वस्त आहे, शिरेतून देता येते. ते देण्यासाठी लागते ते घड्याळाचे भान.

हेच भान जखमीला पुढे पाठविताना लागते. ज्या गावी मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा कोणी नाही, तेथे मेंदूचे सी. टी. चित्र काढण्यात तास घालवून काय साधते? श्वसनमार्ग राखावा, रक्त थांबवावे, मान बांधावी, पुढच्या रुग्णालयास दूरध्वनी करावा आणि रुग्णास निघू द्यावे. याउलट, यातले काहीच न करता ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढे सांगून मोकळे होणे, हाही गुन्हाच. रुग्णवाहिकेत, रस्त्याच्या मध्यावर, श्वास कोंडून मेलेल्या माणसाची नोंद कोणत्याच रुग्णालयाच्या मृत्युसंख्येत होत नाही, म्हणून तो मृत्यू कोणाच्याच हिशेबी धरला जात नाही.

कायदा काय म्हणतो

येथे कोणी म्हणेल की डॉक्टरांना पोलिसांची, कोर्टकचेरीची भीती वाटते. एके काळी ती निराधार नव्हती. मोटारीने उडविलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. पोलीस प्रकरणे घेण्याचा अधिकार असलेल्या, वीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात न्यावयास सांगितले आणि वाटेतच तो मरण पावला. वृत्तपत्रातील या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८९ मध्ये न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमातही हाच दंडक आहे. १९९६ मध्ये, रेल्वेगाडीतून पडलेल्या एका शेतमजुरास कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविल्याच्या प्रकरणात, न्यायालयाने याची सांगड घटनेतील जगण्याच्या हक्काशी घातली.

जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूलाही आता संरक्षण आहे. २०१६ च्या न्यायालयीन आदेशाने आणि २०१९ मध्ये कायद्यात आलेल्या १३४-अ या कलमाने त्याला स्वतःचे नावगाव सांगण्याची सक्ती उरलेली नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता-अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. म्हणजे कायदा आपले काम बऱ्याच अंशी करून बसला आहे. तरीही अनेक ठिकाणी जखमीच्या नातेवाइकाला पहिले वाक्य ऐकावयास मिळते ते ‘आधी केसपेपर काढून आणा’ हेच. कागद निरुपयोगी नाही, नोंद हवीच. परंतु ती नोंद श्वासाच्या मागून चालली पाहिजे. खिडकीपलीकडे बसलेला लिपिक हाही अपघात-उपचाराच्या साखळीतला एक दुवा आहे, आणि जखमीचा कागद नंतर करण्याची मुभा त्याला लेखी आदेशाने दिली पाहिजे. अन्यथा नियम मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो आणि तोही नाइलाजाने खिडकीच बंद ठेवतो.

करावयास काय हवे?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. वाहने आता अशा तालुक्यांतून भरधाव जातात, जेथे रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात एक तरुण वैद्यकीय अधिकारी आणि एक-दोन परिचारिका एवढेच मनुष्यबळ असते. रुग्णवाहिका जखमीला त्यांच्याच हाती सोपविणार. तेव्हा त्या हातांना शिस्त देणे हे सर्वांत निकडीचे काम आहे. अपघात विभागात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला आणि परिचारिकेला हे शिक्षण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, सरकारी खर्चाने, मिळाले पाहिजे आणि दर काही वर्षांनी त्याची उजळणी झाली पाहिजे. भिंतीवर मराठीत लिहिलेला क्रमतक्ता, खाटेशी चालू स्थितीतील शोषणयंत्र, प्राणवायू, छातीत घालावयाच्या नळ्या, आवळपट्ट्या, कोरड्या घोंगड्या आणि जवळच्या रक्तपेढीशी पक्का करार यांसाठी फार मोठे अंदाजपत्रक लागत नाही. प्रत्येक जखमीच्या मृत्यूची, दोषारोप न करता, मासिक उजळणी होऊ लागली तर कोणती पायरी कोठे चुकते हे त्या त्या रुग्णालयास स्वतःच कळेल.

यावर एक आक्षेप संभवतो. जेथे डॉक्टरांच्या जागाच रिकाम्या आहेत, तेथे क्रमाची चर्चा ही चैन नव्हे काय? जागा भरल्याच पाहिजेत, यात शंका नाही. पण माणसे थोडी असतात तेव्हाच क्रमाची गरज सर्वांत जास्त असते. पाच माणसे पाच कामे एकाच वेळी करू शकतात. एकटा माणूस ती एकामागून एकच करू शकतो आणि त्याने पहिले काम चुकीचे निवडले तर उरलेली चार करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

राहता राहिला सामान्य नागरिक. त्याने १०८ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड धरून दोन्ही हातांनी जोराने दाबावे आणि कापड वरचेवर उचलून पाहू नये. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नये, बसवू नये. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण बेशुद्धाचे पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत जाते. अपघाताची वेळ ध्यानात ठेवावी. हे सारे शाळेच्या एका तासिकेत शिकविता येईल आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर एका पिढीत सर्वांना येईल.

या ज्ञानाचा आणखी एक लाभ आहे. कपाळावरची जखम भळभळत असताना डॉक्टर ती शिवायची सोडून छातीला कान लावून बसला आहे, हे पाहून नातेवाइकांचा राग अनावर होतो. शिवीगाळ, प्रसंगी मारहाणही होते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, तरी हल्ले थांबलेले नाहीत. कपाळाची जखम एका माणसाला दाबून धरावयास सांगून डॉक्टर आधी छातीकडे का वळला, हे दाराशी उभ्या असलेल्या चार माणसांना ठाऊक असेल, तर त्याच दृश्यात त्यांना दुर्लक्ष दिसणार नाही, दक्षता दिसेल. क्रम डॉक्टराला माहीत असणे आवश्यक आहे. तो समाजालाही माहीत असेल तर डॉक्टराला तो निर्भयपणे पाळता येईल.

अपघात कोणाचा होईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु जखमी दाराशी आल्यावर कोणता प्रश्न आधी विचारला जाईल, हे ठरविणे पूर्णपणे समाजाच्या हाती आहे. तो प्रश्न ‘याचे कागद कोठे आहेत’ हा असावा की ‘याचा श्वास चालू आहे का’ हा असावा, एवढेच काय ते ठरवावयाचे आहे.